काल येशील का

मीनू,

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात तुझ्यासाठी दोन पानं ठेवली आहेत. सेक्रेटरी घरी येऊन सांगून गेले. "हृद्य लिहा," म्हणाले, "आणि शेवटी वर्गाचा उल्लेख आठवणीनं करा." वर्ग म्हणजे तुझ्या नावानं सुरू होणारा मराठीचा वर्ग. दर रविवारी, रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये, इथं जयपुरात जन्मलेल्या मुलांसाठी. मराठी कच्चं राहिलं की काय होतं, हे तुझ्यावरून सगळ्यांना कळलंय, असं त्यांचं म्हणणं. तू हे ऐकलं असतंस तर हातातला कप खाली ठेवून हसली असतीस. "मतलब, मी मरून पण नापास?"

हो. आणि पेपर मी तपासला.

तुझ्या जलदान विधीला माणसं बरीच आली होती. कॉलनीतली, मंडळातली, सीतापुऱ्यात तू आधी ज्या एक्स्पोर्ट युनिटमध्ये पॅकिंग करायचीस तिथल्या बायका. मागच्या रांगेत तुझ्या धंद्यातली जोडीदार, तुझी शबनम. वंदना झाली आणि कोणीतरी मला म्हणालं, भाऊ म्हणून दोन शब्द बोला. मी उभा राहिलो, खिशातून फोन काढला आणि तुझा निरोप वाचून दाखवला. "दादा, काल दहाला डॉक्टरकडे. येशील का?" मग सांगितलं की मीनूची शाळा सगळी हिंदीत झाली, तिचा 'कल' आणि 'काल' यांत लहानपणापासून गोंधळ व्हायचा. मला वाटलं, ती आदल्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन आली आणि आता मला सहज घरी बोलावतेय. तिला उद्या म्हणायचं होतं. माझ्या लक्षात आलं नाही.

बायका रडल्या. सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एका शब्दानं घात केला हो," म्हणाले. त्या निरोपाखाली मी काय उत्तर पाठवलं होतं, ते मी वाचून दाखवलं नाही. कोणी मागितलंही नाही.

मी खोटं बोललो, मीनू. तुझा 'काल' मला कळला नाही असं आयुष्यात एकदाही झालं नव्हतं.

मी भुसावळचा. सहावीपर्यंत आत्याकडे राहून मराठी शाळेत शिकलो. तू बाबांची बदली झाल्यावर इथं जन्मलीस. बाबा गाडीवर गार्ड म्हणून जायचे, आई शेजारणींशी मोडकंतोडकं हिंदी बोलायची, आणि तू आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. घरात शुद्ध बोलणारा मी एकटाच होतो आणि ते मी कोणाला विसरू दिलं नाही. तू पाच वर्षांची असशील. बाबांनी तीजची सवारी दाखवायचं कबूल केलं होतं. आदल्या दिवशी दुपारी तू नवा फ्रॉक घालून बघत होतीस. माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. "दादा, काल सवारी बघायला जायचं ना?"

मी बारा वर्षांचा होतो. म्हणालो, "काल? काल आम्ही जाऊन आलो. तू झोपली होतीस."

तुला ते खरं वाटलं. हत्ती गेला, उंट गेले, पालखी गेली, आणि आपण झोपलो होतो. फ्रॉक घालून तू दारामागे संध्याकाळपर्यंत रडत बसलीस. आईनं मला दोन धपाटे घातले आणि मग तीही हसली. तेव्हापासून आपल्या घरात जे काम लांबणीवर पडायचं ते 'मीनूच्या काल' होणार असायचं. गिरणीत दळण? मीनूच्या काल. भिंतीला रंग? मीनूच्या काल.

दहाव्या वर्षापर्यंत तुला 'उद्या' नीट यायला लागलं. आईला फोनवर तू "उद्या येते" असंच सांगायचीस. 'काल' तू फक्त माझ्यासाठी राखून ठेवलास, आणि तोही भांडण मिटवायचं असलं की. चिडलेली असलीस की मी 'भैया', आणि मराठी बंद. राग गेला की 'दादा', आणि मग मुद्दाम एखादा चुकीचा काल. मी हसायचो, तुला 'ढ' म्हणायचो, आणि भांडण मिटलेलं असायचं. हे आपल्या दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर ते मला विधीत वापरता आलं.

तुझ्या सीतापुऱ्यातल्या कामाच्या खोलीत मी रविवारी यायचो ते दिवस मला या लेखात लिहायचे होते. सेक्रेटरींना हृद्य म्हणजे तेच हवं असणार. टिनाचं दार, खिडकीत ओला पडदा, आणि धूळ बसू नये म्हणून मे महिन्यातही बंद ठेवलेला पंखा. टेबलावर रबरासारखे मऊ साचे. तू काट्यावर वजन करून दोन भाग रेझिन आणि एक भाग हार्डनर प्लास्टिकच्या पेल्यात घ्यायचीस आणि आइसक्रीमच्या काडीनं मला ढवळायला लावायचीस.

"हळू. चहा नाही ढवळत तू. बुडबुडे घुसतात."

"घुसू देत. फुटतील."

"नाही फुटत. आतमध्ये तसेच बसतात, पूरी जिंदगी."

एका वेळी बोटाच्या पेराएवढाच थर. जास्त ओतलं तर ते आपल्याच उष्णतेनं तापतं, धूर निघतो, तडा जातो. पहिला थर बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका झाला की त्यावर वस्तू ठेवायची, मग दुसरा थर, मग रंग. निळा आधी, मग पांढरा, मग सोनेरी पूड. मी एकदा विचारलं होतं, निळा आधी का, तो तर वर हवा. तू म्हणालीस, "साचा उलटा असतो, दादा. जे आधी ओतलं ते वर दिसतं. पहिलीच चूक सगळ्यांना दिसते." खिडकीत तू तो पहिला ट्रे ठेवला होतास. घाईत नीट न वाळवलेला गुलाब घातलेला. आठवड्यात तो गुलाब आतून काळा पडला होता आणि काचेसारख्या रेझिनमधून सगळ्यांना दिसत होता. "हे माझे मास्टरजी," म्हणायचीस.

लग्नातले हार घेऊन लोक यायचे. तू आणि शबनम फुलं सुटी करून वाळवायच्या, मग ट्रेमध्ये, घड्याळात, नावाच्या पाटीत घालायच्या. शबनम लाखेच्या बांगड्या करणाऱ्या घरातली, तिचा हात तुझ्याहून स्थिर. एकदा एक बाई दोन वर्षांनी आपला ट्रे परत घेऊन आली होती. सोडचिठ्ठी झाली होती. म्हणाली, फुलं राहू द्या, त्याचं नाव तेवढं काढून द्या. मी तिथंच होतो. तू ट्रे उजेडात धरून बराच वेळ बघितलास, जणू खरंच काही करता येईल. "निकलता नहीं है जी," म्हणालीस, "काटना पड़ेगा. फूल भी कटेंगे." बाई म्हणाली, कापा. तू कापलास. त्या दिवशी तू जेवली नाहीस, आणि मी तुला म्हणालो की इतकं मनाला लावून घ्यायचं तर धंदा कशाला करतेस.

असं मी तुला नेहमीच काहीतरी म्हणायचो. तुझ्या कामाला मी 'तुझे जेलीचे तुकडे' म्हणायचो. चारचौघांत.

मग शिट्टी. बाबांची पितळी शिट्टी आईनं जाताना तुला दिली. मी मोठा, मी रेल्वेत, आणि शिट्टी तुला. मी तेव्हा काही बोललो नाही. तीन वर्षं बोललो नाही. फेब्रुवारीत माझ्या वाढदिवसाला तू ती घेऊन आलीस. कागद सोडला तर आत विटेएवढा ठोकळा. तळाला रुळांखालची खरी खडी, करड्या रंगात. त्यावर लाल झेंड्याचा पातळ थर, त्यावर हिरवा, आणि वर स्वच्छ काचेसारखा. त्यात मधोमध, कशावरच न टेकलेली, बाबांची शिट्टी. तुझी वहिनी "अगं बाई" म्हणाली. मंडळातले दोघे-तिघे जेवायला आले होते, त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितली.

"नऊ दिवस लागले," तू म्हणालीस. "भोकं आधी मेणानं बंद केली, मतलब आत रेझिन नको जायला. बाबांनी शेवटची फुंकली ती हवा आत आहे, दादा."

मी म्हणालो, "हवा गावभर आहे. शिट्टी वाजवायची असते. तू तिचं पेपरवेट केलंस."

कोणीतरी हसलं. ते हसू ऐकून मला आणखी चेव आला. मी आतून हातोडी आणली. वाटलं होतं, काचेसारखं फुटेल आणि शिट्टी बाहेर येईल. पहिल्या घावाला कोपरा उडाला. दुसऱ्या, तिसऱ्या घावाला नुसता मधे पांढरा डाग उठला, चांदणीसारखा, शिट्टीच्या बरोबर वर. तू माझा हात धरला नाहीस. उभी राहून बघत होतीस.

"और मारो, भैया," म्हणालीस. "निकलेगी नहीं."

ठोकळा उचलून पिशवीत घातलास आणि गेलीस. तुझ्या ताटातली पुरी तशीच होती.

त्यानंतर तीन महिने तू बोलली नाहीस आणि मीही नाही. मला माझं चुकलं हे त्याच दिवशी कळलं होतं, हात धुताना. पण तीन महिने मी तेच तेच मनाशी घोळवत होतो की आईनं शिट्टी मला द्यायला हवी होती. मेमध्ये तुझा निरोप आला. 'दादा' होतं त्यात. 'काल' होतं. सात वर्षांच्या मुलालाही कळलं असतं की हात पुढे आलाय. मला तर तू टाइप करताना ओठ दाबून हसलीस तेही दिसलं.

आणि मी लिहिलं, "काल गेला. आता कसा येऊ?"

दुसऱ्या दिवशी मला रजा होती. हे कोणालाच माहीत नाही, म्हणून लिहितो. मी घरी होतो. कूलरचं जुनं गवत काढून नवं भरत होतो. दहा वाजता घड्याळ बघितलं. साडेदहाला पुन्हा बघितलं. तुझ्या वहिनीनं विचारलं, "मीनूचं काय आलं होतं काल?" मी म्हणालो, "काही नाही, आपलं नेहमीचं." मी वाट बघत होतो. तू पुन्हा लिहावंस, आणि 'उद्या' असं लिहावंस. नीट, शुद्ध. तू माझ्यासाठी राखलेला शब्द मी तुझ्याकडून सोडवून घेणार होतो. पंप लावला, पाणी गवतावरून उतरायला लागलं, गार वारा आला. चांगलं वाटलं. तेही लिहितो.

तू एकटी गेलीस. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप नीट मिटत नाही, आजच दाखल व्हा, घरातलं कोणीतरी घेऊन या. तू 'आणते' म्हणून परत आलीस. सहाव्या दिवशी साच्यांच्या टेबलापाशी पडलीस. त्या दिवशी दाखल झाली असतीस तर वाचली असतीस का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मला तुझा रागही येतो, मीनू. त्या सहा दिवसांचा. एक फोन. शिवी देऊन केला असतास तरी चाललं असतं. 'भैया, मर रही हूँ, आ जाओ.' मी धावत आलो असतो, आणि तुला ते माहीत होतं. पण तू माझीच बहीण. मी 'उद्या'साठी अडून बसलो, तू माझ्या फोनसाठी. तू माझ्याहून जास्त वेळ अडून राहिलीस.

परवा सीतापुऱ्याला गेलो. सेक्रेटरी वर्गाचा फलक करायला टाकणार होते, त्याआधी एका माणसाला तरी खरं सांगावं असं वाटलं, आणि मला शबनम सुचली. ती पॉलिश पेपरनं कसली तरी कड घासत होती. उठली नाही. मी स्टुलावर बसलो आणि सुरुवात केली, "शबनमजी, उस दिन मैंने सबके सामने जो कहा..."

"मालूम है," ती म्हणाली.

"नहीं, आप सुनिए. मैं समझ गया था कि कल बोल रही है."

"भाईसाहब, मालूम है. उसने आपका जवाब मुझे दिखाया था. हँस रही थी. बोली, समझ गए हैं, नखरे कर रहे हैं. कल आएँगे."

तिनं कागद बादलीत भिजवला आणि पुन्हा घासायला लागली.

"चौराहे पर खड़ी रही. दस से पौने ग्यारह. धूप में. मैंने कहा, मैं चलती हूँ, तो बोली, तू साँचे देख, भैया रास्ते में होंगे. लौटकर भी यही. डॉक्टर ने घरवाले बोला है, तू थोड़ी मेरी घरवाली है." इथं शबनम जराशी हसली, आणि तिला स्वतःचाच राग आला. "आपने उस दिन सबको बोला, उसको मराठी नहीं आती थी. मैंने सुना. मैंने आपकी बात काटी नहीं. मैय्यत का घर था."

मग तिनं फळीवरून फडक्यात गुंडाळलेला ठोकळा काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्या सहा दिवसांत तू त्यावर काम करत होतीस. उडालेला कोपरा भरला होतास. घाव बसलेला भाग पाण्यातल्या कागदानं घासून, वर नवा पातळ थर ओतला होतास. मी बोट फिरवलं. सपाट, गुळगुळीत, कुठं काही लागत नाही. उजेडात धरलं तर पांढरी चांदणी तिथंच आहे. नव्या थराखाली आणखी स्पष्ट दिसते.

"चोट अंदर रह गई," शबनम म्हणाली. "बोली थी, कोई बात नहीं, हाथ को नहीं लगेगी. उसने कहा था आपको देना, इसलिए दे रही हूँ. मेरा बस चलता तो नहीं देती."

माझ्या हाताला लागू नये, एवढं तू बघितलंस. याबद्दल तुझे आभार कसे मानायचे हे मला मराठीत येत नाही. शुद्ध, अशुद्ध, कसंच.

सेक्रेटरीसाहेब, हा लेख छापायचा तर पूर्ण छापा, नाहीतर पानं कोरी सोडा. वर्ग जरूर काढा. पण मीनूला मराठी येत नव्हतं म्हणून ती गेली, असं मुलांना सांगू नका. तिचा एकच शब्द चुकीचा होता आणि तो चुकीचा आहे हे तिला पक्कं माहीत होतं. ज्याला पूर्ण मराठी येत होतं तो घरी बसून कूलरमध्ये गवत भरत होता. फलकावर नाव घालायचंच असेल तर तिचं घालू नका.

ठोकळा माझ्या टेबलावर आहे, मीनू. या कागदांवर ठेवलाय. पेपरवेटच झालं शेवटी.

आज सकाळी फोन काढला. तुझा निरोप तसाच आहे, त्याखाली माझं उत्तर, आणि त्याखाली काही नाही. मी लिहिलं, "हो. काल दहाला येतो." आणि पाठवून दिलं. तुझा फोन आता शबनमकडे असतो, ऑर्डरी येतात म्हणून. थोड्या वेळानं दोन खुणा निळ्या झाल्या. तिनं वाचलं. उत्तर आलं नाही.